भस्माखालची खाज

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा गावभर पेढे वाटले. पाणी वाटावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ते नव्हतंच. जिल्ह्याला तिसरं वर्ष लागलं तरी तीच गत. कलेक्टरसाहेब आले, त्यांची कचेरी आली, कचेरीला कुंपण आलं, आणि नळाला आठवड्यातून एकदा नुसती फुसफुसणारी हवा आली. अशा कोरड्या दिवसांत एकट्या गुरुपादप्पांच्या भक्तीला तेवढा पूर आला होता.

गुरुपादप्पांचं बाजाराच्या गोलाईमागच्या गल्लीत तूरडाळीचं दुकान. बापाचं दुकान, बापाची गादी, बापाचाच तराजू. माणूस तोंडाने गोड, मापाला चोख आणि कौतुकाला हपापलेला. हा शेवटचा गुण सोडला तर नाव ठेवायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर कौतुक नको असलेला माणूस अजून लातुरात जन्माला यायचाय.

लिंगायताच्या घरात भस्माचं काय नवल? सकाळी तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, पूजा करायची, भस्माची वडी ओली करून कपाळावर तीन बोटं ओढायची, दंडाला-छातीला लावायची आणि दुकान उघडायचं. सगळेच करतात. पण गुरुपादप्पांचं भस्म म्हणजे भिंतीला चुना द्यावा तसं. कोपराच्या आतली घडी पांढरीफेक, मनगटं पांढरी, मान पांढरी, आणि धोतर जरा वर सरकलं की दिसायचं, गुडघ्यामागची लवणसुद्धा पांढरी. गुडघ्यामागे भस्म लावणारा भक्त मठातल्या म्हाताऱ्या स्वामींनीही कधी पाहिला नव्हता. लोक म्हणायचे, "आप्पाची भक्ती गुडघ्याच्या मागं पोचली, आपली अजून कपाळावरच हाय."

या भक्तीच्या मुळाशी इसब होता.

तो लहानपणापासून होता. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत कातडी लाल व्हायची, खरखरीत व्हायची, खाजवली की चिघळायची. थंडीत वाढायचा, तुरीच्या हंगामात भुकटी उडाली की आणखी वाढायचा. मध्येच महिना दोन महिने गुमान बसायचा. गुरुपादप्पा म्हणायचे गेला एकदाचा, की लगेच परत हजर. रॉकेल झालं, करंजाचं तेल झालं, तंबाखूचं पाणी झालं. एका हकिमाने काळं मलम दिलं, त्याने इसब जसाच्या तसा राहिला आणि धोतरं काळी झाली. मग एक दिवस गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईने त्यांचा हात पाहिला, "लागट तर न्हाई न्हवं?" असं विचारलं आणि जोखलेली डाळ तशीच ठेवून निघून गेली. गुरुपादप्पांना ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या जागी भस्म थापलं. आणि तीच बाई परत आली, हात पाहिला, आणि हात जोडले.

झालं. ओलं भस्म घटकाभर गार वाटायचं. सुकलं की कातडी ओढायची, भेगाळायची आणि खाज दुप्पट व्हायची. दुप्पट खाजेवर दुप्पट भस्म, दुप्पट भस्मावर दुप्पट नमस्कार. अगदीच अनावर झालं की गुरुपादप्पा गादीवर बसल्या बसल्या डोळे मिटत, दोन्ही हात छातीशी आवळून एकमेकांवर घासत आणि दातओठ खात "शिवा... शिवा..." म्हणत. गिऱ्हाइकं कुजबुजायची, "थांबा जरा, आप्पाची समाधी लागलीय." काही जण त्यांच्या दंडावरचं चिमूटभर भस्म कागदात बांधून घरी न्यायचे. त्याने कुणाचा ताप उतरला, कुणाची म्हैस दुधाला आली. गुरुपादप्पांना आधी लाज वाटली, मग सवय झाली, आणि सवयीचं पुढे काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यांनाही ते खरं वाटायला लागलं.

त्या साली श्रावण आला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. मठाच्या पंचांनी ठरवलं, शेवटच्या सोमवारी पालखी काढायची, गावातून फिरवायची आणि पावसासाठी महादेवाला साकडं घालायचं. पालखीचा पहिला खांदा हा गावात फार मोठा मान. गुरुपादप्पांच्या वडलांना तो जन्मभर मिळाला नव्हता. हयातीत त्यांनी पालखीपुढे झाडू मारला, मागे झांजा वाजवल्या, पण दांडी काही खांद्यावर आली नाही. आणि या खेपेला पंचांचे म्होरके रेवणसिद्धप्पा स्वतः नारळ घेऊन दुकानात आले.

"आप्पा, औंदा पहिला खांदा तुमचा. दुसरं नावच निघालं न्हाई बगा."

गुरुपादप्पांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. तेवढ्यात खाज आली, पण नारळ हातात असल्यामुळे ती त्यांनी सोसली.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरात मात्र एक लेकरू रात्रंदिवस रडत होतं.

ते लेकरू म्हणजे गुरुपादप्पांची नात. मुलगा शिवलिंग नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागला होता, सून लक्ष्मम्मा बिलोलीकडची. पहिली मुलगी झाली तेव्हा गुरुपादप्पांनी हट्टाने आपल्या आईचं नाव ठेवलं, बसम्मा. सगळे तिला बस्सू म्हणत. तिच्यासाठी आजोबांनी पाळण्याला नव्या दोऱ्या लावल्या, खुळखुळा आणला, लांबून टाळ्या वाजवल्या. फक्त तिला कधी उचलून घेतलं नाही. कुणी पुढे केली की म्हणायचे, "नको नको, अंगावर इभूत हाय, लेकराच्या डोळ्यात जाईल." घरातल्यांना वाटायचं केवढी ही काळजी. खरं म्हणजे त्यांना भीती होती, आपलं तिला लागेल. पाळण्याशी उभं राहून ते तिच्या मुठी बघत बसत आणि दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवत.

आणि इतकं जपूनही बस्सूच्या गालांवर लाली आली. मग ती कोपरात उतरली, गुडघ्यामागे गेली. पोर उशीवर गाल घासायची, इवल्या नखांनी ओरबाडायची, किंचाळायची.

घरात याचा निकाल लावायला गुरुपादप्पांची थोरली बहीण नागम्मा होती. नवरा गेल्यापासून माहेरीच असायची आणि माहेर तिच्याच हुकमाने चालायचं.

"मी सांगते ह्ये कशाचं हाय," नागम्मा म्हणाली. "बिलोलीवाल्याला चिंचंबिगर घास उतरत न्हाई. पोटुशी असताना आंबट खाऊ खाऊ रक्त नासवलं हिनं. दुधातून लेकराला उतरलं."

लक्ष्मम्मा खाली मान घालून उभी. तिची चिंच बंद झाली, मग वांगं बंद झालं, मग शेंगदाणे, मग दूध, मग ताक. पंधरवड्यात तिच्या ताटात भाकरी आणि मीठ उरलं. बस्सूची लाली तशीच. तेव्हा नागम्माने आपला हुकमी पत्ता काढला. आपल्या भावाच्या भस्माने परक्यांच्या म्हशी दुधाला येतात, तर घरचं लेकरू बरं का होणार नाही? तिने डाळीच्या पिठाने पोरीला खसाखसा घासून कढत पाण्याने न्हाऊ घातलं, तेही टँकरवरून भांडून आणलेलं पाणी, आणि सगळ्या अंगाला भावाची वडी चोपडली. बस्सू पांढरी झाली आणि मग अशी रडायला लागली की शेजारच्या कोंडाबाई भाकरी तव्यावर टाकून धावत आल्या.

गुरुपादप्पा दुकानातून आले तेव्हा ते ध्यान त्यांना दिसलं. आपलंच रूप, एवढंसं, पाळण्यात. कोपराच्या घडीत भस्म फुटून लाल भेग दिसत होती. तिथे काय होत असेल ते त्या घरात दुसऱ्या कुणाला सांगून कळलं नसतं. त्यांना न सांगता कळलं. तरी ते एवढंच म्हणाले, "पुसा ते. पुसा लगेच."

"कामून?" नागम्माने विचारलं. "तुझ्या इभूतीत खोट हाय काय?"

गुरुपादप्पा हात पाठीमागे धरून ओसरीवर गेले.

दोन दिवसांनी नागम्माने फर्मान काढलं. सोमवारी पालखी दारावरून जाणार, गाव जमणार, आणि पहिल्या खांद्याच्या घरात असं खरजेचं लेकरू दिसलं तर चार माणसं काय म्हणतील? तेव्हा लक्ष्मम्माने लेकरू घेऊन बिलोलीला जावं आणि लेकराचं अंग निवळलं की यावं. "न्हाई तरी टँकरच्या पाण्यात दोन माणसं कमी." शिवलिंगाने बापाकडे पाहिलं. बापाने तुळईकडे पाहिलं. तुळई काही बोलली नाही. लक्ष्मम्मा आत जाऊन लेकराची दुपटी घडी करायला लागली.

शांतम्मा म्हणजे गुरुपादप्पांची बायको. कमी बोलणारी बाई. संसारात तिचा आवाज बहुतेक भांड्यांचाच. त्या दुपारी ती दुकानात आली, गादीच्या कडेला बसली आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली.

"आवो, ते लेकराला झालंय ते कुणाचं हाय?"

"मला काय ठावं?"

"तुमच्या शेजारी झोपून माझे केस पिकले. खराखरा आवाज उंदराचा होता काय?"

गुरुपादप्पांनी इकडे तिकडे पाहिलं. "हळू बोल. सोमवार होऊ दे एकदा. पालखी झाली की मी स्वतः पोरीला हैदराबादला दाखवतो."

"तवर ती बिलोलीला? त्या लेकीवर आळ घेऊन? तिच्या आईनं इचारलं तर काय सांगंल ती, मी चिंच खाल्ली म्हणून?" शांतम्मा उठली. "उद्या सरकारी दवाखान्यात जायचं. नवी डॉक्टरीण आलीय कातडीची. तितं तुमी सांगताव का मी सांगू, तेवढं रातभर इचार करून ठिवा."

गुरुपादप्पांनी विचार केला आणि असं ठरवलं की डॉक्टरीण हुशार असेल तर कुणी काही न सांगताच बरं करेल.

दुसऱ्या दिवशी ते, शांतम्मा, बस्सूला घेऊन लक्ष्मम्मा आणि कुणी बोलावलं नसताना नागम्मा असे सगळे दवाखान्यात गेले. व्हरांड्यात रांग होती. आप्पांना पाहून माणसं उठली. एका म्हाताऱ्याने तर आपल्या गुडघ्यासाठी त्यांच्या मनगटावरचं भस्म मागून घेतलं. डॉक्टरच्या दारात उभं राहून भस्म वाटताना गुरुपादप्पांना प्रथमच थोडं चमत्कारिक वाटलं.

डॉक्टरीण तरुण होती, चष्मेवाली. तिने बस्सूचे गाल पाहिले, कोपरं उलगडून पाहिली, गुडघ्यामागे पाहिलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला असं आहे का? खाज, इसब, दमा? आईकडे, वडिलांकडे, आजी-आजोबांत?"

"आमच्या घरात?" नागम्मा ताडकन म्हणाली. "ह्यो बगा माझा भाऊ. नखशिखांत इभूत. ह्या घरात खरूज फिरकंल व्हय? पोरीच्या आईला इचारा, बिलोलीची हाय ती, चिंच खाऊन रक्त नासवलंय. म्हणून तर तिला भाकरी-मिठावर ठिवलंय."

डॉक्टरीण लक्ष्मम्माकडे वळली. शांतम्मा नवऱ्याकडे वळली. दारातून रांगेतल्या पाच-सहा मुंड्या आत वळल्या. गुरुपादप्पांच्या डाव्या कोपराला नेमकी त्याच वेळी कडाडून खाज सुटली.

"असंल बाई," लक्ष्मम्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "माज्याच म्हायेरात असंल कुणाला तरी. सगळे म्हणतेत तर असंल. लिवून घ्या तसं. पण लेकराला औशीद द्या, लई तळमळायलीय ती."

गुरुपादप्पांना वाटलं होतं की ही नाही म्हणेल, भांडेल, रडेल. मग आपल्याला मधे पडून दोन गोड शब्द बोलता येतील. तिने तर सगळाच आळ पदरात घेतला, औषध मिळावं म्हणून. आपल्याला पालखी हवी म्हणून आपण गप्प, आणि हिला औषध हवं म्हणून ही वाटेल ते कबूल करते. त्यांना आपल्या पांढऱ्या हातांची शिसारी आली.

"पाणी हाय का?" त्यांनी विचारलं.

"नळाला नाही," डॉक्टरीण म्हणाली. "प्यायला हवंय?"

टेबलावर काचेच्या भांड्यात ओल्या कापसाचे बोळे होते, त्यातला एक गुरुपादप्पांनी उचलला आणि डॉक्टरीण "अहो, ते स्पिरिट..." म्हणेपर्यंत कोपराच्या घडीत खसकन फिरवला.

"शिवाऽऽऽ!"

अशी आर्त हाक त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात निघाली नव्हती. बाहेर व्हरांड्यात साऱ्या रांगेने हात जोडले आणि "हर हर महादेव" केलं.

पण आतल्यांनी पाहिलं. भस्म निघालं होतं आणि खाली लालभडक, भेगाळलेली, हत्तीसारखी जाड झालेली कातडी होती. बस्सूच्या कोपरात होती तीच जागा. नागम्माचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"माजं हाय हे," गुरुपादप्पा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले. ते पाणी स्पिरिटचं होतं की कशाचं, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. "तिच्या म्हायेरचं न्हाई. माजं हाय. गुडघ्यामागं बी हाय. मानंवर बी हाय."

"कधीपासून?"

"जलमल्यापासून." आणि मग बोलता बोलता त्यांना आठवलं. त्यांची आई जात्यावर बसली की मध्येच थांबायची, मक्याचं दाणे काढलेलं कणीस घ्यायची आणि गुडघ्यामागे घासायची. लहानपणी त्यांना वाटायचं सगळ्यांच्याच आया दळताना असं करतात. "माज्या आईला बी होतं बगा. बसम्माला. तिचंच नाव ठिवलं पोरीला."

"नाव तुम्ही ठेवलंत, बाकीचं आपोआप आलं," डॉक्टरीण म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हा इसब. काही घराण्यांत कातडीच अशी असते, ओल धरून न ठेवणारी, जरा जरा गोष्टीने चिडणारी. यात आईच्या खाण्याचा दोष नाही, बाईंना आधी पोटभर जेवू घाला. रक्त नासलेलं नाही, कुणाचा कोप नाही. "भस्म, डाळीचं पीठ, कढत पाणी, सोड्याचा साबण, हे सगळे या कातडीचे वैरी. राख ओल शोषून घेते. आधीच कोरड्या रानात आणखी ऊन पडावं, तसं होतं."

दुष्काळातल्या माणसांना हे लगेच कळलं.

"मग करायचं काय?" शांतम्माने विचारलं.

"कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ. घासायचं नाही, टिपायचं. आणि अंग ओलसर आहे तोवर साधं व्हॅसलीन लावायचं, सढळ हाताने, दिवसातून दोन-तीनदा, बरं वाटलं तरी. नखं कापायची. मऊ सुती कपडे. हे मलम लाल जागेवरच, पातळ, मी सांगेन तेवढेच दिवस. आजोबांचं वेगळं, बाळाचं वेगळं, अदलाबदल करायची नाही. आणि पू झाला किंवा ताप आला तर लगेच यायचं."

"मंजे कायमचं जाईल?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"तिचं वाढत्या वयात कमी होईलही. तुमचं येत-जात राहील. पण ताब्यात राहील. घरात तापट माणूस असतो ना, त्याला घालवता येत नाही, सांभाळता येतं."

सगळ्यांनी नागम्माकडे पाहायचं टाळलं.

गुरुपादप्पा उठले नाहीत. त्यांना आणखी एक विचारायचं होतं आणि ते ओठांवर येत नव्हतं. "आन् लागट?"

"नाही. अजिबात लागट नाही."

"मंजे... घेता येतंय?"

"काय घेता येतंय?"

"पोरीला. हातावर."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. "तुम्ही इतके दिवस घेतलं नाहीत?"

त्यांनी मान हलवली. शांतम्माने पदर तोंडाला लावला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर शांतम्मा रिक्षा बघायला गेली आणि नागम्मा थोडी लांब जाऊन भिंतीशी बोलायला लागली. गुरुपादप्पा सुनेजवळ थांबले. सासऱ्याने सुनेची माफी कशी मागायची याची रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती.

"पोरी, तुज्यात काय बी न्हाई. तुला उगा... माजं होतं ते."

"मला मालूम होतं, मामा."

"काय?"

"तुमची धोतरं मीच धुते की. गुडघ्याच्या जागी रगताचे ठिपके असतेत. इभूतीनं रगत येतं व्हय?"

गुरुपादप्पा चाट पडले. "मग बोलली कामून न्हाईस? इतका आळ घेऊन गप ऱ्हायलीस?"

लक्ष्मम्माने बस्सूचं टोपडं सारखं केलं. "तुमची पालखी होती न्हवं सोमवारी. तुमी लई आनंदात होताव."

तिच्यापुढे उभं राहणं त्यांना अवघड गेलं. रिक्षा आली म्हणून सुटले.

गोष्ट संध्याकाळपर्यंत गोलाईभर झाली. दवाखान्याच्या दारातल्या सहा मुंड्यांना तेवढा वेळ पुष्कळ होता. भस्म नेलेली माणसं जरा गोंधळली. ज्याची म्हैस दुधाला आली होती तो म्हणाला, इसब असो की काय असो, दूध तर येतंय. रात्री जेवणं व्हायच्या आत रेवणसिद्धप्पा घरी आले. गुरुपादप्पा तेव्हा उघड्याबंब अंगाने, व्हॅसलीन माखून, तळणीतून काढल्यासारखे चकाकत बसले होते. आता मान गेला, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

"आप्पा, आमी बसलो, इचार केला," रेवणसिद्धप्पा म्हणाले. "इसब कुणाला होत न्हाई? भक्ती तर तुमची खोटी न्हाई. खांदा तुमचाच. कपाळाला इभूत लावा, अंगात पुऱ्या बाह्याचा सदरा घाला, झालं. पालखी तुमच्या दारापाशी आली की तितून तुमी दांडी घ्यायची. तवर कुणाच्या बी खांद्यावर येईल, पण मंदिरात शिरताना पहिला खांदा तुमचा."

गुरुपादप्पांच्या जिवात जीव आला. माणूस इतका एका दिवसात कसा बदलेल? त्यांनी लगेच सदऱ्याला इस्तरी करायला सांगितली.

सोमवारपर्यंतचे दिवस घरात व्हॅसलीनचे गेले. सगळ्यांत कडक नागम्मा झाली. जिने पोरीला डाळीच्या पिठाने सोललं होतं, तीच आता दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "घासायचं न्हाई, टिपायचं. कितींदा सांगू?" कोंडाबाईंनी लाडाने बस्सूला पावडर लावायला काढली तर नागम्माने डबा हिसकावून घेतला. लक्ष्मम्माच्या ताटात तिने स्वतः चिंचेचं सार वाढलं. माफी मागितली नाही. फक्त दोनदा वाढलं. लक्ष्मम्मा दोन्हीदा जेवली.

पण गुरुपादप्पांनी बस्सूला अजून घेतलं नव्हतं. परवानगी मिळाली होती, धीर होत नव्हता. हातांना इतक्या महिन्यांची पाठीमागे राहायची सवय.

सोमवारी सकाळी ते तयार होऊन ओसरीवर बसले. नवा सदरा, कपाळावर तीन ठसठशीत बोटं, खांद्यावर दांडीखाली घ्यायला घडी केलेलं उपरणं. लांबून वाजंत्री ऐकू यायला लागली. तेवढ्यात आत बस्सूने भोकाड पसरलं. लक्ष्मम्माने तिला नुकतं न्हाऊ घातलं होतं, शांतम्मा दाराशी रांगोळी काढत होती, नागम्मा आरतीचं ताट लावत होती. लक्ष्मम्मा ओल्या हातांनी पोर घेऊन बाहेर आली, कुणी रिकामं दिसेना, समोर सासरे दिसले.

"मामा, धरा जरा. व्हॅसलीन आणते, अंग सुकायच्या आत लावावं लागतंय."

आणि तिने पोर सरळ त्यांच्या हातांवर ठेवली.

गुरुपादप्पा लाकडासारखे झाले. नव्या सदऱ्याची बाही पोरीच्या गालाला घासत होती. ती आणखी रडली. त्यांनी एका हाताने बाही सारून दंडापर्यंत वर केली. बस्सूचा गाल त्यांच्या उघड्या कोपरावर आला. लक्ष्मम्मा डबी घेऊन आली तशी त्यांनी ती मागून घेतली आणि आपल्याच बोटाने, दिव्याची वात लावावी तसं हळू, पोरीच्या कोपरात लावलं, गुडघ्यामागे लावलं, गालांना लावलं. कुठे लावायचं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. बस्सूचं रडं मुसमुसण्यावर आलं, मुसमुसणं जांभईवर आलं. इतक्या दिवसांची जागरणं त्या पोरीने एका क्षणात आजोबांच्या हातावर टाकली आणि ती झोपली.

वाजंत्री दाराशी आली. "हर हर महादेव!" रेवणसिद्धप्पा पायरी चढून आले. मागे पालखी, दांडीची रिकामी जागा, आणि गल्लीभर माणसं.

"आप्पा, चला. जागा मोकळी हाय."

गुरुपादप्पांनी दांडीकडे पाहिलं. पितळेचं टोक उन्हात चमकत होतं. त्यांच्या वडलांनी जन्मभर जिच्याकडे मान वर करून पाहिलं, ती दांडी दहा पावलांवर होती.

"वाजवणं बंद करा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"आँ?"

"पोरगी झोपलीय. किती दिसांनी झोपलीय. तुमी व्हा म्होरं. शिवलिंगाला घ्या, न्हाईतर कुणाला बी घ्या."

"आवो पण पहिला खांदा..."

"खांद्याला काय, गाव पडलंय. हिला हात ह्यो एकच हाय."

रेवणसिद्धप्पांनी झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. मग वळले, वाजंत्र्यांना हाताने खूण केली. सनई थांबली, हलगी थांबली. शिवलिंगाने धावत जाऊन दांडी घेतली. त्या दिवशी लातुरातली पालखी गुरुपादप्पांच्या दारावरून नुसत्या पावलांच्या आवाजात गुपचूप निघून गेली, माणसं टाचा उचलून चालत होती, आणि मारुतीच्या पाराला वळसा घातल्यावरच पुन्हा हलगी वाजली.

शांतम्मा उंबऱ्यात उभी होती. रांगोळीच्या हाताने डोळे पुसल्यामुळे तिचं तोंड पांढरं झालं होतं.

आणि बरोबर त्याच वेळी बस्सूच्या गालाखाली, कोपराच्या अगदी मधोमध, गुरुपादप्पांना खाज सुटली. साधी नव्हे. गादीवर समाधी लावणारी, दारूच्या नशेसारखी डोक्यात जाणारी, जन्माची ओळखीची खाज. त्यांच्या कपाळावर घाम आला. पायाची बोटं आवळली गेली. दुसरा हात आपोआप उचलला, कोपराकडे आला, आणि तिथे पोरीच्या डोक्यावर आलेली माशी हाकलून परत मांडीवर गेला.

"खाजतंय व्हय, मामा?" लक्ष्मम्माने हळूच विचारलं.

"लई," गुरुपादप्पा म्हणाले आणि हात जराही न हलवता बसून राहिले.